सात आणि आठच्या मध्ये

माझ्या गोष्टीतला माणूस
गेले तीन आठवडे लिफ्टमध्ये अडकलाय.
सात आणि आठच्या मध्ये.
नाव श्रीरंग दिघे, वय एकसष्ट,
हातात पिशवी, पिशवीत मेथी,
आणि मेथी अजून ताजी,
कारण ती सुकवायची तर
मला पुढचं पान लिहावं लागेल.

हसू नका.
मी खरोखरचा लिफ्टवाला आहे.
मानपाड्यापासून गायमुखापर्यंत
घोडबंदर रोडच्या एकशे बारा लिफ्ट माझ्या अंगावर.
अडकलेल्याला वीस मिनिटांत काढायचं, असा नियम.
मी बहुतेकदा पंधरात काढतो.
दिघ्यांच्या बाबतीत मात्र हात उचलत नाही.
पगारात नसलेलं काम
हे असंच रेंगाळतं.

लिहितो म्हणजे बोलतो.
रात्री कळव्याच्या गॅलरीत
वाळत्या चादरीमागे उभं राहून
फोनला सांगतो, फोन उतरवून घेतो.
त्याचा कान जरा तिरका.
मी म्हटलं, पहाटे गजर वाजला.
त्यानं लिहिलं, पहाटे गाजर वाजलं.
मी म्हटलं, त्यांनी बायकोचं कपाट उघडलं.
त्यानं लिहिलं, बायकोचं कपट उघडलं.
गाजर लगेच खोडलं.
कपट दोन दिवस तसंच राहू दिलं,
आणि दिघ्यांच्या संसाराकडे
जरा दबकून बघायला लागलो.

हर्षला म्हणाली, आता तर म्हणे
अख्खी गोष्टच लिहून देतो तो,
विचार की.
विचारलं.
चार सेकंदांत दिघे बाहेर!
दारात मुलगा, सून, टाळ्या,
डोळ्यांत पाणी,
आणि आयुष्याचा अर्थ वगैरे उमगलेला.
पिशवीचा पत्ता नाही.
मी गुपचूप त्यांना परत आत घातलं,
दार लावून घेतलं.

मंगळवारी वाघबीळला, बी विंगमध्ये
सिल्वी परेरा नावाच्या बाई अडकल्या. खऱ्या.
मी वर मशीनरूममध्ये, मेन बंद,
दिलशादनं ब्रेकचा दांडा दाबून धरलेला,
मी चाक फिरवतोय,
इंटरकॉम मानेत खुपसलेला.
घाबरू नका, हवा भरपूर आहे,
हे तीनदा सांगून संपलं.
बोलत राहा रे बाबा, त्या म्हणाल्या,
गप्प झालास की भिंती जवळ येतात.

काय बोलणार?
दिघे सांगितले.
मेथीसकट सांगितले, कपटासकट.
वीतभर चाक, एक वाक्य.
वीतभर चाक, एक वाक्य.
दिलशाद दांडा धरून माझ्याकडे
भूत बघितल्यासारखा बघतोय.
दोरावरची पिवळी खूण वर आली,
खाली दार उघडल्याचा आवाज,
आणि मी जिने उतरून पोचेपर्यंत
बाई गेल्याही होत्या.
थँक्यू नाही, काही नाही.

बुधवारी ॲपवर तक्रार.
विंग: बी.
प्रकार: इतर.
तपशील: तो मेथीवाला सुटला का?

वैतीसाहेबांचा फोन: हा काय प्रकार आहे?
म्हटलं, बघतो साहेब.
बघतो काय, चोवीस तासांत बंद कर.
बंद करायला ॲपमध्ये तीनच पर्याय:
दुरुस्त केले.
ग्राहक घरी नाही.
भाग मागवला.

गायमुखच्या टपरीवर चहा निवत गेला.
समोर खाडी, ओहोटी लागलेली,
एक होडी चिखलात तिरकी.
माझं बोट बराच वेळ
पहिल्या पर्यायावर होतं, खोटं कशाला बोलू.
मग दाबलं:
भाग मागवला.

रात्री चादरीमागे पुन्हा उभा राहिलो.
म्हटलं, दिघे लिफ्टमध्ये मांडी घालून बसले
आणि मेथी निवडायला घेतली.
फोननं या वेळी
अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं.
मला थोडं वाईटच वाटलं.